‘रंध्रे बुजवणाऱ्या’ घटकांच्या याद्यांवर किती विसंबून राहावे?

शेवंती यांचा प्रश्न

नमस्कार. माझी त्वचा तेलकट असून विशीत सुरू झालेले मुरूम तिशी ओलांडली तरी पूर्णपणे गेलेले नाहीत. मोठे, दुखरे फोड आता क्वचितच येतात; मात्र कपाळावर आणि जबड्याच्या कडेला त्वचेच्याच रंगाचे बारीक उंचवटे कायम असतात. समोरून पाहताना ते जाणवत नाहीत, पण बाजूने उजेड पडला की सगळा पृष्ठभाग खडबडीत दिसतो. त्यांना खाज येत नाही आणि ते पिकतही नाहीत.

हे उंचवटे प्रसाधनांमुळे येत असावेत असे वाटल्याने मी माझ्या सर्व उत्पादनांच्या घटकयाद्या ‘कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रे बुजवणारे, घटक शोधून देणाऱ्या निरनिराळ्या संकेतस्थळांवर तपासल्या, आणि त्यानंतर गोंधळ अधिकच वाढला. मॉइश्चरायझरमधील सिटेरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट आणि स्टिअरिक ॲसिड, सनस्क्रीनमधील इथाइलहेक्झिल पाल्मिटेट, क्लेन्झरमधील लॉरिक ॲसिड आणि सीरममधील शैवालाचा अर्क हे सगळे लाल रंगात दाखवले गेले. गंमत अशी की यांपैकी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन या दोहोंवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असे ठळकपणे छापलेले आहे. शिवाय एकाच घटकाला एका यादीत शून्य, तर दुसरीत दोन किंवा तीन असे अंक दिलेले आढळतात. शिया बटर आणि मिनरल ऑइल ही त्याची ठळक उदाहरणे.

रंध्रे बुजवण्याची क्षमता दाखवणारे हे शून्य (अजिबात नाही) ते पाच (सर्वाधिक) अंक नेमके कोणी आणि कशावरून ठरवले, डब्यावरील ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दाला काही अर्थ आहे का, आणि माझ्यासारख्या व्यक्तीने लाल रंगात दिसणारे सर्व काही एकदम बदलावे का, एवढेच जाणून घ्यायचे आहे. याद्यांपलीकडचे कारण कोणाला ठाऊक असल्यास तेही जरूर लिहावे.

अनुपम यांचे उत्तर

मी सौंदर्यप्रसाधनांची सूत्रे तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांविषयी लिहितो. उंचवट्यांचे निदान त्वचारोगतज्ज्ञांनी करावे हे बरे.

या अंकांचा उगम सशाच्या कानात आहे, आणि ती पद्धत मुळात प्रसाधनांसाठी नव्हतीच. काही क्लोरिनयुक्त औद्योगिक रसायने हाताळणाऱ्या कामगारांना क्लोरॲक्ने नावाचे अत्यंत चिवट मुरूम येत असत. ते कोणत्या संयुगांमुळे येतात हे पडताळण्यासाठी १९४१ मध्ये संशोधकांनी ती रसायने सशाच्या कानाच्या आतील बाजूला लावून पाहिली. त्या भागातले रोमकूप बाह्य पदार्थाला फार लवकर प्रतिसाद देतात; थोड्याच दिवसांत त्यांच्या तोंडाशी केराटिनचे, म्हणजे त्वचेतील कठीण प्रथिनाचे, बूच तयार होते आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. हीच पद्धत पुढे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसाधनांकडे वळवली. क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी १९७२ मध्ये ‘ॲक्ने कॉस्मेटिका’, म्हणजे प्रसाधनांमुळे येणारे सौम्य पण दीर्घकाळ टिकणारे मुरूम, ही संकल्पना मांडली, आणि जेम्स फुल्टन यांनी १९८४ व १९८९ मध्ये शेकडो घटकांना अंक देणारे तक्ते प्रसिद्ध केले. आंतरजालावर आज ज्या याद्या फिरतात, त्यांतील बऱ्याच अंकांचा माग काढत गेल्यास आपण याच तक्त्यांपाशी पोहोचतो. फरक एवढाच की मूळ तक्त्यांसोबत चाचणीची पद्धत लिहिलेली होती, आणि याद्यांची नक्कल होत असताना ती गळून पडली.

अडचणी इथूनच सुरू होतात. सशाच्या कानातील रोमकूप माणसाच्या चेहऱ्यावरील रोमकूपांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतात, त्यामुळे तिथे बूच तयार झाले म्हणजे माणसाच्या गालावरही होईलच असे म्हणता येत नाही. पेट्रोलॅटमचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या पेट्रोलियम जेलीचे, नाव अनेक वर्षे संशयितांमध्ये होते. क्लिगमन यांनीच पुढे १९९६ मध्ये ती ससा आणि माणूस या दोघांमध्येही कॉमेडोजेनिक नसल्याचे लिहिले. मिनरल ऑइलच्या बाबतीत शुद्धतेचा प्रश्नही आहे. प्रसाधनांसाठी शुद्ध केलेले मिनरल ऑइल आणि यंत्रांमध्ये वापरले जाणारे कमी शुद्ध खनिज तेल यांचे नाव सारखे असले, तरी त्वचेवरचे त्यांचे वर्तन सारखे नसते. एखाद्या यादीत त्याला शून्य आणि दुसरीत दोन मिळण्यामागे अशी कारणे असू शकतात. त्यात भर म्हणून, बूच ‘किंचित’ आहे की ‘मध्यम’ हे शेवटी निरीक्षकाच्या डोळ्यांनी ठरते, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे अंक तंतोतंत जुळणे कठीणच असते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र प्रमाणाचा आणि मिश्रणाचा आहे. चाचणीत घटक एकेकटे आणि बहुधा बऱ्याच मोठ्या प्रमाणात लावले जातात; तुमच्या डब्यात तोच घटक पाणी, ग्लिसरीन, सिलिकोन आणि इतर अनेक पदार्थांसोबत दोन-तीन टक्के असतो. आयसोप्रोपिल मायरिस्टेट या घटकाला अनेक याद्यांत पाचपैकी पाच अंक आहेत, आणि निव्वळ स्वरूपात त्याची ही ख्याती खोटी म्हणता येणार नाही. पण तो एखाद्या सूत्रात अल्प प्रमाणात आहे म्हणून ते संपूर्ण सूत्रही पाच अंकांचे ठरते, असा हिशेब मांडता येत नाही. झो ड्रेलॉस आणि जोसेफ डिनार्डो यांनी २००६ मध्ये हाच प्रश्न थेट तपासला. कॉमेडोजेनिक समजले जाणारे घटक असलेली तयार उत्पादने त्यांनी माणसांच्या पाठीच्या वरच्या भागावर लावून पाहिली आणि असा निष्कर्ष काढला की असा घटक असलेले तयार उत्पादन कॉमेडोजेनिक असेलच असे नाही. त्या अभ्यासातील सहभागींची संख्या फारच लहान होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी प्रश्न योग्य विचारला गेला होता. तपासायचे असेल तर तयार उत्पादन तपासले पाहिजे.

आता डब्यावरील शब्दाविषयी. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दाची अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेसुद्धा कोणतीही कायदेशीर व्याख्या केलेली नाही, आणि तो छापण्यापूर्वी अमुकच चाचणी उत्तीर्ण झाली पाहिजे असे बंधन नाही. काही कंपन्या माणसांच्या पाठीवर काही आठवडे पट्टी लावून चाचणी करतात. काही केवळ ठरावीक घटक वगळले म्हणून हा शब्द वापरतात. डब्यावर पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. मी त्या शब्दाला निर्मात्याने व्यक्त केलेला हेतू समजतो, हमी समजत नाही.

तुमच्या लाल यादीपैकी सिटेरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट आणि स्टिअरिक ॲसिड हे क्रीमला घट्टपणा देणारे व तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे अगदी नेहमीचे पदार्थ आहेत. ते पूर्णपणे टाळायचे म्हटले तर बाजारातील बहुसंख्य क्रीम बाद होतील, आणि हाती विशेष काही लागणार नाही. क्लेन्झरच्या यादीत लॉरिक ॲसिडसोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे का ते पाहा; असल्यास त्या आम्लाचा बराचसा भाग साबणात रूपांतरित झालेला असतो आणि तो थोड्याच वेळात धुऊन जातो. शैवालाच्या अर्काबाबत तर याद्यांनी कहरच केला आहे. शैवालांचे असंख्य प्रकार, त्यांचे पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये काढलेले निरनिराळे अर्क आणि टक्क्याच्या अंशाएवढे प्रमाण, या सर्वांना एकच सरसकट अंक देण्यात काही अर्थ नाही. राहिले इथाइलहेक्झिल पाल्मिटेट. त्याकडे मात्र मी थोडे लक्ष देईन, कारण सनस्क्रीन भरपूर प्रमाणात लावायचे असते, ते दिवसभर त्वचेवर राहते आणि त्यात असे तेलकट एस्टर बरेच असू शकतात.

निरंजना यांचे उत्तर

अनुपम यांनी दिलेली माहिती मला पटते, परंतु त्यातून याद्या पूर्णपणे निरुपयोगी आहेत असा अर्थ वाचकांनी काढू नये म्हणून लिहिते आहे.

मुरूम सहज येणाऱ्या व्यक्तीसाठी दोन्ही बाजूंची जोखीम सारखी नसते. आयसोप्रोपिल मायरिस्टेट, आयसोप्रोपिल पाल्मिटेट, कोको बटर, खोबरेल तेल, गव्हांकुराचे तेल आणि ॲसिटिलेटेड लॅनोलिन अल्कोहोल ही नावे वेगवेगळ्या याद्यांच्या वरच्या टोकाला पुन्हा पुन्हा दिसतात. यांपैकी एखादा पदार्थ घटकयादीच्या पहिल्या चार-पाच नावांत असेल आणि त्याच प्रकारचे दुसरे उत्पादन त्याच्याशिवाय मिळत असेल, तर दुसरे निवडण्यात माझे काहीच बिघडत नाही. उलट, उत्पादन आधी चेहऱ्यावर वापरून पाहावे आणि चूक निघाली तर कित्येक आठवडे त्याचे परिणाम भोगावेत, हा पर्याय मला महाग वाटतो. यादी हे निदान नव्हे हे मान्य. पण ती चाळणी म्हणून वापरायला काय हरकत आहे?

माझी तक्रार यादीपेक्षा तिच्या वापराविषयी आहे. दोन अंक मिळालेल्या घटकाच्या भीतीने लोक सनस्क्रीन लावणे सोडतात, किंवा ‘सगळ्यांतच काही ना काही आहे’ असे म्हणून मॉइश्चरायझर पूर्णपणे बंद करतात आणि मग कोरड्या, चुरचुरणाऱ्या त्वचेवर मुरमांची तीव्र औषधे लावतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे शुद्ध तेल चेहऱ्यावर चोपडताना मात्र यांपैकी अनेकांना यादी आठवत नाही! एखाद्या क्रीममध्ये दोन टक्के असलेल्या घटकाला घाबरायचे आणि शंभर टक्के खोबरेल तेल रात्रभर चेहऱ्यावर ठेवायचे, ही विसंगती मी अनेकदा पाहिली आहे.

आणखी एक गोष्ट. शेवंती यांनी चेहऱ्याच्या उत्पादनांचीच नावे दिली आहेत. कपाळावर, केसांच्या रेषेलगत उंचवटे असतील तर केसांना लावून तसेच ठेवायचे तेल, सीरम, मेण, जेल यांचा विचार आधी करावा. केसांच्या पोमेडमुळे, म्हणजे केस बसवण्यासाठीच्या तेलकट मलमामुळे, कपाळावर आणि कानशिलांवर येणाऱ्या मुरमांचे वर्णन वैद्यकीय साहित्यात १९७० मध्येच आलेले आहे. रात्री केसांना लावलेला पदार्थ उशीच्या अभ्र्यावर उतरतो आणि तिथून गालावर व जबड्यावर येतो, हेही विसरू नये. लोक चेहऱ्याच्या क्रीमच्या प्रत्येक घटकाची उलटतपासणी करतात आणि केसांच्या बाटलीकडे त्यांचे लक्षही जात नाही.

त्वचाचिकित्सक यांचे उत्तर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा.

‘रंध्रे बुजणे’ या शब्दप्रयोगामुळे असे चित्र उभे राहते की क्रीम वरून आत जाते आणि छिद्र भरून टाकते. प्रत्यक्षात बूच आतूनच तयार होते. रोमकूपाच्या आतील अस्तरातल्या पेशी नेहमी एकेकट्या सुटून तेलासोबत बाहेर पडत असतात. मुरूमप्रवण त्वचेत त्या अधिक संख्येने तयार होतात आणि एकमेकींना चिकटून राहतात. त्यांत त्वचेचे तेल, म्हणजे सेबम, अडकते आणि डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कॉमेडोन तयार होतो. तो वाढला आणि त्याचे तोंड बंदच राहिले तर व्हाइटहेड, तोंड उघडे राहिले तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसून मुख्यतः मेलॅनिनचा असतो, त्यामुळे घासून तो जात नाही. आतील क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू आणि शरीराची दाहक प्रतिक्रिया यांच्यामुळे पुढे लाल, दुखरा फोड येतो. हार्मोन, आनुवंशिकता आणि तेलग्रंथींचे कार्य या सर्वांचा त्यात वाटा असतो. बाहेरून लावलेला एखादा पदार्थ या प्रक्रियेला चालना देऊ शकतो, मुख्यतः अस्तराला सूक्ष्म इजा करून किंवा पेशी सुटण्याची क्रिया बिघडवून. परंतु ज्याच्या रोमकूपांत ती प्रवृत्तीच नाही, त्याला त्याच पदार्थाचा काहीही त्रास होत नाही. एकच क्रीम एका व्यक्तीला मानवते आणि दुसरीला मानवत नाही, त्याचे कारण हे आहे.

काळाचा हिशेबही यावरून कळतो. सूक्ष्म कॉमेडोन दृश्य स्वरूपात यायला अनेक आठवडे लागतात. म्हणून सोमवारी नवे क्रीम लावले आणि बुधवारी कपाळभर बारीक पुळ्या आल्या, तर ते बहुधा कॉमेडोन नसतात. दाहामुळे किंवा ॲलर्जीमुळे आलेली ती प्रतिक्रिया असू शकते, किंवा आधीच आत तयार असलेले कॉमेडोन चिडलेले असू शकतात. उलट, ॲक्ने कॉस्मेटिका संथपणे वाढतो. रुग्णाला कारण आठवत नाही, कारण ते उत्पादन सुरू करून दीर्घकाळ लोटलेला असतो आणि सुरुवातीला ते छान मानवलेही असते. बंद केल्यावरही त्वचा पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात.

शेवंती यांनी केलेले वर्णन, म्हणजे त्वचेच्या रंगाचे, न खाजणारे, न पिकणारे उंचवटे, बंद कॉमेडोनशी जुळते. मात्र तसेच दिसणारे आणखी काही विकार आहेत. कपाळ, छाती आणि पाठ यांवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील आणि त्यांत कॉमेडोन नसतील, तर मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे होणारा रोमकूपदाह असू शकतो, ज्याला समाजमाध्यमांवर ‘फंगल ॲक्ने’ म्हणतात. प्रतिजैविके घेतल्यानंतर तो बळावू शकतो, आणि त्यावर मुरमांची नव्हे तर बुरशीविरोधी औषधे चालतात. तोंडाभोवती लालसर, चुरचुरणारे दाणे असतील तर पेरिओरल डर्मटायटिसचा विचार करावा लागतो. तिथे जड क्रीम आणि विशेषतः स्टेरॉइडयुक्त मलम हेच अनेकदा कारण असते. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम वापरले जात असेल, तर घटकांच्या याद्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना ते सांगावे. असे मलम स्वतःहून एकदम बंद केल्यास त्रास उसळतो, त्यामुळे ते कसे थांबवायचे हेही विचारून घ्यावे.

बंद कॉमेडोनवर सर्वाधिक भरवशाचे बाह्य औषध म्हणजे रेटिनॉइड, म्हणजेच ‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधांचा गट. ॲडापलीन हे त्यांपैकी बऱ्यापैकी सौम्य असून ते पेशी सुटण्याची मूळ प्रक्रिया सुधारते. अमेरिकेत त्याच्या ०.१ टक्के जेलला २०१६ पासून चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी आहे, इतर अनेक देशांत चिठ्ठी लागते. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात आणि पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा येतो. गर्भधारणा असल्यास किंवा तिचा विचार असल्यास रेटिनॉइड वापरू नये. त्या काळात ॲझेलेइक ॲसिडचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. सॅलिसिलिक ॲसिड दोन टक्क्यांपर्यंतच्या प्रमाणात सौम्य कॉमेडोनवर उपयोगी पडते, पण रेटिनॉइडची जागा ते घेत नाही. लाल, पिकणारे फोड असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि तेही २.५ टक्क्यांचे सहसा पुरते. दहा टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते.

निरंजना यांनी केसांच्या उत्पादनांविषयी लिहिलेले अगदी योग्य आहे. कपाळावरच्या कॉमेडोनचा रुग्ण समोर आला की मी पहिला प्रश्न केसांना काय लावता हाच विचारतो.

शेवंती यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. केसांच्या टोकांना मी रोज एक सीरम लावते आणि त्याची घटकयादी आजवर पाहिलीच नव्हती. ती आता पाहिली, तर आयसोप्रोपिल मायरिस्टेट दुसऱ्या क्रमांकावर आहे. केस मोकळे असले की ते जबड्यालाच घासतात, त्यामुळे संशय बळावला आहे.

दोन शंका उरतात. एखादा घटक यादीत मधोमध असेल तर त्याचे प्रमाण किती असावे याचा अंदाज कसा करायचा? आणि नेमके कोणते उत्पादन दोषी आहे हे शोधण्यासाठी सर्व काही एकदम थांबवावे, की एकेक करून?

अनुपम यांचे उत्तर

प्रमाणाचा अंदाज करण्याची एक सोपी खूण आहे. घटक सामान्यतः उतरत्या प्रमाणानुसार लिहिले जातात, परंतु एक टक्क्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे आहे. फिनॉक्सिइथेनॉल या परिरक्षकाची युरोपातील कमाल मर्यादा एक टक्का आहे, आणि त्या बाजारपेठेसाठी बनवलेल्या उत्पादनात ते त्याहून अधिक नसते. म्हणजे त्याच्यानंतर आलेले प्रत्येक नाव एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, असे समजायला हरकत नाही. त्यात फिनॉक्सिइथेनॉल नसेल तर झँथन गम किंवा सोडियम हायल्युरोनेट कुठे आहे ते पाहावे; हे दोन्हीही बहुधा एक टक्क्याहून कमी वापरले जातात. तुमच्या सीरममधील शैवालाचा अर्क या खुणेच्या पुढे असेल, तर त्याची चिंता मी करणार नाही. केसांच्या सीरममध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेले आयसोप्रोपिल मायरिस्टेट ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे ते दहा टक्के आहे की तीस, हे यादीवरून कळणार नाही, पण नगण्य नक्कीच नाही. इथे निरंजना यांची चाळणी कामी आली, हे मी आनंदाने मान्य करतो.

त्वचाचिकित्सक यांचे उत्तर

दुसऱ्या शंकेविषयी. सर्व काही एकदम थांबवले आणि त्वचा सुधारली, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. एकेक करून थांबवले तर वर्ष निघून जाते. मी रुग्णांना मधला मार्ग सांगतो. सर्वाधिक संशयित असलेले, धुऊन न जाणारे एकच उत्पादन आधी बंद करावे, आणि बाकी सर्व जसेच्या तसे ठेवून किमान सहा ते आठ आठवडे थांबावे. या काळात नवे सीरम, नवे फेसपॅक, नवे औषध काहीही आणू नये. तुमच्या बाबतीत केसांचे सीरम हा स्पष्ट पहिला उमेदवार आहे. त्याने फरक पडला नाही तर सनस्क्रीन बदलावे, बंद करू नये. द्रवरूप आणि हलक्या पोताचे, एस्टर कमी असलेले दुसरे सनस्क्रीन घ्यावे.

तुलनेसाठी छायाचित्रे काढावीत, कारण स्मरणशक्ती या बाबतीत फसवी असते. तुम्ही म्हणता तसा बाजूने पडणारा उजेड, तीच खिडकी, तीच वेळ आणि चेहरा धुतल्यानंतरचा तेवढाच अवधी, असे दर दोन आठवड्यांनी करावे. मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरूम वाढतात, त्यामुळे त्या आठवड्यातील छायाचित्राची तुलना त्याच टप्प्यातील छायाचित्राशीच करावी.

नवे उत्पादन आणायचे झाले तर मनगटावर लावून पाहण्याचा उपयोग फक्त ॲलर्जी ओळखण्यापुरता आहे. मनगटाच्या आतील बाजूला कॉमेडोन तयार होतील अशा तेलग्रंथी नसतात, त्यामुळे तिथे काही झाले नाही म्हणजे चेहऱ्यावरही चालेल असे समजू नये. त्याऐवजी ज्या भागावर तुम्हाला उंचवटे येतात त्याचाच एक लहानसा तुकडा, समजा जबड्याची एक बाजू, निवडावी आणि तिथेच काही आठवडे ते लावून पाहावे.

निरंजना यांचे उत्तर

एक व्यावहारिक भर. केसांचे सीरम बंद करताना उशीचे अभ्रे, केसांचा पट्टा आणि झोपताना बांधायचा रुमाल हेही धुऊन घ्यावेत, आणि कंडिशनर केसांवरून ओघळून कपाळावर येत असेल तर केस धुऊन झाल्यावर शेवटी चेहरा धुवावा. त्या सीरमशिवाय टोके फारच कोरडी पडत असतील, तर केवळ डायमेथिकोन किंवा स्क्वालेन आधारित सीरम पाहावे. नाव वाचताना मात्र जपून, कारण मराठीत दोन वेगळे पदार्थ सारखेच लिहिले जातात: हवेशी संयोग होऊन बिघडणारे, आपल्या सेबममध्येही असणारे असंपृक्त तेल (squalene) एक, आणि त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून स्थिर केलेले (squalane) दुसरे. प्रसाधनांत बहुतेकदा दुसरेच असते आणि मुरूमप्रवण त्वचेला ते सहसा मानवते.

शेवंती यांचा प्रतिसाद

सीरम आजपासून बंद केले आहे आणि आजचे छायाचित्र काढून ठेवले आहे. सनस्क्रीन व मॉइश्चरायझर तूर्तास तसेच ठेवते. आठ आठवड्यांनी काही फरक दिसला नाही, तर याद्यांच्या मागे न लागता त्वचारोगतज्ज्ञांची भेट घेऊन ॲडापलीनविषयी विचारेन. दोन्हींपैकी जे होईल ते इथे कळवीन.